कापणारा देह, पाहणारे डोळे

जून १९०५ संपत आला होता. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये, मुली निजायच्या दालनात एक तरुणी रात्री जागी झाली आणि तिला शेजारची मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली आणि आता पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आले, की जळत काहीच नाही. शेजारणीला झाले होते ते निराळेच. मिनी अ‍ॅब्रम्स या मेथॉडिस्ट मिशनरी बाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांत आवाजात समजावून सांगत होत्या. ऐकणाऱ्या मुली एकाएकी मोठमोठ्याने रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस वर्ग, कामाच्या वेळा, सगळेच विस्कळीत झाले. कुणी थरथरत होते, कुणी पडत होते, कुणी अंगाचा दाह होतो म्हणत होते, कुणी हसत-गात होते. या साऱ्या प्रकरणात बादली घेऊन धावणारी ती निनावी मुलगी मला फार महत्त्वाची वाटते. तिने जे पाहिले त्याचा एक अर्थ लावला, त्या अर्थाला साजेशी कृती करायला निघाली, आणि वेळीच थांबून पुन्हा पाहिले. या विषयावर गेली तीनशे वर्षे लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिसरी गोष्ट जमली आहे.

विषय असा. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात अधूनमधून असे काळ येतात, की थंडावलेली श्रद्धा पुन्हा पेटते, माणसे रात्रंदिवस प्रार्थनेला बसतात, जुनी वैरे मिटतात. मराठी ख्रिस्ती समाज याला उज्जीवन, संजीवन किंवा आत्मिक जागृती म्हणतो. अशा काळातल्या उपासनेत देव जवळ आला आहे, पवित्र आत्मा उतरला आहे, असे म्हणणाऱ्यांच्या देहात काहीतरी घडते: अश्रू, कंप, हुंदके, कोसळणे, अनावर हसू, नाचणे, अन्य भाषांत बोलणे. याकडे पाहण्याच्या दोन ठरलेल्या रीती आहेत. एक म्हणते, देह कापला म्हणजे देव आला. दुसरी म्हणते, देह कापला म्हणजे डोके फिरले. या दोन्ही पक्षांचे वरवर हाडवैर असले तरी मुळात त्यांची चूक एकच आहे. दोघेही देहाला न्यायालयात साक्षीदार म्हणून उभे करतात आणि त्याच्याकडून हो किंवा नाही एवढेच वदवून घेऊ पाहतात. मला मांडायचे आहे ते असे, की उज्जीवनातला देह बोलत असतो, आणि बोलण्याला भाषा लागते. ती भाषा समाजाकडून शिकलेली असते, तिला व्याकरण असते, बोलीभेद असतात, तीत खोटेही बोलता येते. पण शिकलेली आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि उच्चारली गेली म्हणून खरीही ठरत नाही.

बायबलकडे या नजरेने पाहिले तर एक गंमत दिसते. तिथे देहभान हरपलेल्या माणसाच्या शेजारी बहुधा एक पाहणारा उभा असतो आणि तो हमखास चुकतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात निपुत्रिक हन्ना मंदिरात आवाज न करता ओठ हलवत प्रार्थना करते, तर एली याजकाला ती प्यालेली वाटते. कराराच्या कोशापुढे दावीद बेभान नाचतो आणि खिडकीतून पाहणाऱ्या मीखलच्या मनात तिरस्कार भरून येतो. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला येशूचे शिष्य अन्य भाषांत बोलू लागतात तेव्हा गर्दीतले काही जण द्राक्षारसाकडे बोट दाखवतात आणि पेत्राला सांगावे लागते, की अजून सकाळचे नऊच वाजले आहेत. म्हणजे संशय घेणारा माणूस पहिल्यापासून गोष्टीतच आहे. तो कुठल्या आधुनिक विज्ञानाने बाहेरून आणलेला नाही. आणि त्याच ग्रंथात पौल करिंथकरांना बजावतो, की सगळेच अन्य भाषांत बोलू लागले तर बाहेरून आलेला माणूस तुम्हाला वेडे समजेल. देहाचे उमाळे पौल नाकारत नाही. ते दुसऱ्याला समजावेत, त्याच्या उपयोगी पडावेत, एवढीच अट घालतो. भाषेला घालावी अशीच ही अट आहे.

या प्रश्नाचा सर्वांत कसदार विचार केला तो अठराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सच्या जोनाथन एडवर्ड्सने. नॉर्थॅम्प्टन गावात तो पाळक होता. १७३४-३५ मध्ये त्याच्या मंडळीत एक लाट येऊन गेली होती, आणि १७४० नंतर सगळ्या न्यू इंग्लंडभर दुसरी उसळली. लोक प्रवचनात किंचाळत, कोसळत. पाळकांमध्ये तट पडले. सप्टेंबर १७४१ मध्ये येल इथे केलेल्या भाषणात एडवर्ड्सने काय केले पाहा. कोणत्या गोष्टींवरून काहीच सिद्ध होत नाही याची यादी त्याने आधी दिली, आणि तीत देहावरचे परिणाम ठळकपणे घातले. अश्रू, कंप, आक्रोश, अंगातले बळ जाणे यांवरून हे देवाचे काम आहे असे ठरत नाही, आणि देवाचे नाही असेही ठरत नाही. त्याचे कारण साधे होते: माणूस देह आणि आत्मा मिळून झालेला आहे, मनाला प्रचंड धक्का बसला तर देह हलणारच, मग धक्का कुठूनही बसो. कसोटी पुढे लागते. त्या माणसाचे प्रेम वाढले का, गर्व उतरला का, आचरण बदलले का? १७४६ मध्ये आलेल्या धार्मिक भावनांवरच्या ग्रंथात त्याने हाच धागा बारा निरुपयोगी आणि बारा उपयोगी लक्षणांपर्यंत ताणला. इतका थंड डोक्याचा माणूस भावनांची बाजू मांडतो आहे, ही या ग्रंथाची खरी मौज.

त्याचा प्रतिस्पर्धी चार्ल्स चॉन्सी हा बोस्टनच्या पहिल्या मंडळीचा पाळक. १७४३ मधल्या जाडजूड ग्रंथात त्याने या सगळ्याला उन्मादाचे लक्षण ठरवले. त्याच्याजवळ दारूगोळा भरपूर होता. त्याच वर्षी जेम्स डेव्हनपोर्ट नावाच्या उपदेशकाने कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन गावात धर्मग्रंथांची होळी केली होती. दुसऱ्या दिवशी ऐहिक मोह म्हणून कपडेही जाळायचे ठरले, आणि स्वतःची विजार ढिगावर टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली. पुढच्या वर्षी त्याने जाहीर माफी मागितली. चॉन्सीचा इशारा पोकळ नव्हता, हे मान्य करायलाच हवे. पण त्याने आणखी एक मुद्दा मांडला, आणि तिथे त्याची नजर उघडी पडते. हे परिणाम विशेषतः बायका, मुले आणि पोरसवदा तरुणांवर होतात, म्हणजे ते दुबळ्या मज्जातंतूंचे काम, असा त्याचा कल होता. कोण कापतो आहे यावरून कापण्याची किंमत ठरवायची, ही खोड तेव्हापासून या चर्चेला जडली आहे.

आता सर्वांत बळकट आक्षेप. हे सगळे शिकलेले, अनुकरणाने आलेले असते, असे टीकाकार म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे प्रभुभोजनाच्या निमित्ताने जो मेळा भरला, त्याला दहा ते पंचवीस हजार माणसे जमल्याचे अंदाज आहेत. तिथला पाळक बार्टन स्टोन याने पुढे आत्मचरित्रात देहाच्या या 'व्यायामां'ची जातवारी लावून दिली: पडणे, झटके, नाचणे, भुंकणे, हसणे, धावणे, गाणे. भुंकण्याबद्दल तो सांगतो, की झटक्यांनी छातीतून निघणाऱ्या हुंकाराला लोकांनी दिलेले ते नाव. रानात प्रार्थनेला गेलेल्या एका म्हाताऱ्या पाळकाने झटका आल्यावर तोल सावरायला झाडाचे खोड धरले, आणि कुण्या टवाळाने तो झाडावर भुंकत होता अशी आवई उठवली. दंतकथा कशा जन्मतात याचा हा सुंदर नमुना आहे. पण टीकाकारांच्या बाजूचा खरा पुरावा लोरेंझो डाऊ या फिरत्या उपदेशकाच्या रोजनिशीत सापडतो. एका सभेच्या मैदानावर त्याला छातीइतक्या उंचीवर तोडून ठेवलेली कित्येक रोपटी दिसली. झटके येणाऱ्यांना धरायला म्हणून ती मुद्दाम राखली होती, आणि भोवतालची जमीन घोड्यांनी खुरांनी उकरावी तशी झाली होती. देव येण्याआधीच त्याच्या येण्याची सुतारकी तयार! अपेक्षा, सोय, अनुकरण, सगळे एका दृश्यात आहे.

मग हे ढोंग होते का? इथे आपल्या घरचाच एक दाखला घेऊ. गावात मयत झाले की म्हाताऱ्या बायका हेल काढून रडतात. त्या रडण्याला चाल असते, गेलेल्या माणसाचे गुण ओवीसारखे गुंफण्याची रीत असते, कुणी आले की पुन्हा सूर धरायचा असतो. हे सगळे त्या आईकडून, आजीकडून शिकलेल्या असतात. पण म्हणून त्यांचे दुःख शिकलेले आहे असे कुणी म्हणणार नाही. उलट हेल काढायची रीत ठाऊक नसलेला शहरी मुलगा बापाच्या तिरडीपाशी सुन्न उभा राहतो, आणि त्याचे दुःख कमी म्हणावे असेही आपल्याला वाटत नाही. रीत दुःखाला वाट देते, दुःख निर्माण करत नाही. कधीकधी दुःख नसतानाही रीत पाळली जाते, हेही सगळ्यांना माहीत असते, आणि भावकीतल्या बायकांना ते बरोबर कळते. उज्जीवनातला देह असाच आहे. त्याच केंटकी राज्यात, विल्मोर गावच्या अ‍ॅस्बरी विद्यापीठात फेब्रुवारी २०२३ मध्ये एक साधी प्रार्थनासभा संपायचे नावच घेईना आणि ती सुमारे सोळा दिवस चालली. हजारो लोक लांबून येऊन रांगेत उभे राहिले. तिथे झटके नव्हते, भुंकणे नव्हते. मंद गाणे, अश्रू, गुडघ्यांवर टेकलेली माणसे आणि लांबलचक शांतता होती. राज्य तेच, श्रद्धा बरीचशी तीच, मध्ये दोनशे बावीस वर्षे, आणि देहाची बोली मात्र पार बदललेली. हा प्रकार निव्वळ मज्जातंतूंचा असता तर इतका फरक पडला नसता. मज्जातंतू दोन शतकांत बदलत नाहीत.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण देहाच्या या भाषेवर आपल्याकडे फार जुना विचार झाला आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव भरताच्या नाट्यशास्त्रातून आले आणि भक्तिमार्गाने ते आपलेसे केले. विश्वरूप पाहून अर्जुनाच्या अंगावर उठलेले रोमांच गीतेच्या अकराव्या अध्यायातच आहेत. भरताने एक प्रश्न असा घातला आहे, की तो जणू केन रिजच्या टीकाकारांसाठीच असावा: नट रंगमंचावर रडतो ते अश्रू खोटे की खरे? त्याचे उत्तर असे, की हे भाव मन एकाग्र झाल्याशिवाय येतच नाहीत. म्हणूनच त्यांना सात्त्विक म्हणायचे. म्हणजे अभ्यासाने आलेले आणि तरीही अंतःकरणातून आलेले, अशी तिसरी जागा त्याने दाखवून ठेवली. अर्थात सात्त्विक भाव आणि उज्जीवनातले अनुभव एकच आहेत असे म्हणायचे नाही. तसे म्हणणे दोन्हीकडच्या साधकांचा अपमान होईल. तीच गोष्ट अंगात येण्याची. मुक्तीतल्या मुलींच्या भोवतालच्या मुलखात घुमणारा देह अपरिचित नव्हता, त्यामुळे बाहेरच्याला दोन्ही सारखेच दिसणार. पण अंगात आले की देवता प्रथमपुरुषी बोलते आणि प्रश्न विचारले जातात ते तिला. मुक्तीच्या वृत्तांतांत रडणारी मुलगी देवाच्या वतीने बोलण्याआधी देवाशी बोलते, आणि बोलते ते स्वतःच्या चुकांबद्दल. कंप तोच, पण वाक्याचा कर्ता बदलला की वाक्य बदलते.

मेंदूविज्ञानाचा आक्षेप मात्र मी थोडक्यात उरकतो, कारण त्याचा दरारा त्याच्या वजनापेक्षा मोठा आहे. २००६ मध्ये अँड्र्यू न्यूबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्य भाषांत बोलणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. भजन गाताना होता त्यापेक्षा तो अन्य भाषांत बोलताना कपाळामागच्या भागात कमी दिसला, आणि हा भाग स्वतःवर ताबा ठेवण्याशी जोडलेला आहे. आपण बोलत नाही, बोलवले जाते, असे त्या सांगत होत्या; त्याच्याशी ही नोंद जुळते. पाचच जणींवरून फार मोठे घर बांधू नये. पण पाच हजार असत्या तरी काय ठरले असते? आईला पाहून बाळाच्या मेंदूत काय होते हे मोजले, म्हणून आई नव्हती असे सिद्ध होत नाही. होती असेही होत नाही. यंत्र आपली नोंद देते, निकाल देत नाही.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी मात्र बरेच बोलायला हवे. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या पोटी जन्मलेल्या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभेत गोरे-काळे एकत्र गुडघे टेकू लागले. त्या शहरातल्या मोठ्या वृत्तपत्राने तिची बातमी कुचेष्टेने छापली. शरद ऋतूत सेमूरचा गुरू चार्ल्स पारहॅम तिथे आला आणि त्याला किळस आली. अन्य भाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, हे शिकवले त्यानेच. पण ती खूण काळ्या देहांवर आणि वंशभेद न मानणाऱ्या गर्दीत दिसली तेव्हा त्याने वंशद्वेषाच्या शब्दांत तिचा धिक्कार केला. चॉन्सीला बायकांत जे दिसले ते पारहॅमला कृष्णवर्णीयांत दिसले, आणि मुक्तीवर टीका करणाऱ्या अनेकांना अडाणी हिंदी पोरींत. रमाबाईंनी १९०७ मध्ये मुक्तीच्या नियतकालिकात या टीकेला उत्तर दिले. हा प्रभाव केवळ अशिक्षितांवर पडतो असे नाही. सुशिक्षित, संस्कारी इंग्रज स्त्री-पुरुषांनाही आपण तसेच हललेले पाहिले आहे, असा त्यांचा रोख होता. उत्तर द्यावे तर त्यांनीच. बारकाईने शास्त्र जाणणारी ही बाई त्याच काळात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करायला बसली होती, आणि ते तिने १९२२ मध्ये मरणापूर्वी पुरे केले. विद्वत्ता आणि आक्रोश एका छपराखाली नांदू शकतात, हे केडगावात कुणी तत्त्व म्हणून सांगायची गरज नव्हती. स्वतः रमाबाई अन्य भाषांत बोलल्या नाहीत, मुलींना त्यांनी थांबवलेही नाही, आणि बोलल्याशिवाय आत्मा मिळाला असे म्हणता येत नाही असा नियमही केला नाही. नॉर्थॅम्प्टनचा पाळक आणि केडगावची पंडिता एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात ते असे.

भाषा म्हटली की लबाडीही आली. मोठ्या सभांत उपदेशक कपाळावर हात ठेवून हळूच ढकलतो आणि मागे झेलायला माणसे उभी असतात. सगळे पडत असताना आपण उभे राहिलो तर वाईट दिसेल म्हणून माणूस पडतो. आजाऱ्याला औषध सोडायला लावले जाते. या गोष्टी घडतात, आणि श्रद्धावंतांनी त्यांचा निषेध आधी करायला हवा, कारण नुकसान त्यांचे आहे. १९९४ च्या जानेवारीत टोरोंटोच्या विमानतळाजवळच्या मंडळीत अनावर हसण्याची लाट उसळली. जगभरातून लोक तिथे गेले, आणि दोनच वर्षांच्या आत त्या मंडळीला तिच्याच पंथाने वेगळे केले. म्हणजे या भाषेचे टीकाकार घरातच आहेत. मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली तर आयुष्यभर या प्रश्नाशी झगडला. १७३९ मध्ये ब्रिस्टलला लोक कोसळताना पाहून तो हरखला, आणि वीस वर्षांनी त्याने रोजनिशीत लिहिले, की पूर्वी अशा गोष्टींना जास्त महत्त्व दिले जाण्याचा धोका होता, आता कदाचित त्यांना पुरेसे महत्त्व न देण्याचा आहे. याला मी गोंधळ म्हणणार नाही. भाषा ऐकायला शिकलेल्या माणसाचा कान म्हणेन.

देव तिथे होता का, हे सांगण्याचा अधिकार प्रस्तावना लिहिणाऱ्याला नाही, आणि पुढच्या पानांतही ते कुणी परस्पर ठरवू नये अशी विनंती आहे. ही पाने वाचताना एक अडचण मात्र ध्यानात असू द्यावी. १७४२ च्या हिवाळ्यात एडवर्ड्सची पत्नी सारा हिचा देह आनंदाच्या भराने कित्येकदा निर्बळ झाला. नवऱ्याने तिचा अनुभव उज्जीवनाच्या समर्थनार्थ छापला, पण तिचे नाव काढून, ती स्त्री आहे हेही पुसून. तिच्या स्वतःच्या शब्दांतली कहाणी छापून बाहेर यायला एकोणिसाव्या शतकाचे तिसरे दशक संपत यावे लागले. मुक्तीच्या मुलींच्या बाबतीत तेवढेही झालेले नाही. त्या रडल्या, जळल्या, हसल्या ते मराठीत. आणि आपल्यापर्यंत बहुतेक पोहोचल्या त्या मिशनरी बायकांच्या इंग्रजी वाक्यांतून. ज्वाळांत दिसलेली मुलगी कोणत्या गावची, दुष्काळात आलेली की वैधव्यात, अंगाला लागलेल्या त्या आगीला तिने स्वतः कोणता शब्द वापरला, आणि बादली खाली ठेवल्यावर त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या, एवढे जरी कुठल्या जुन्या वहीत सापडले, तरी या विषयावरची निम्मी भांडणे नव्याने मांडावी लागतील.